घर मिळालेला कुत्रा पुन्हा निवारा केंद्रात जाऊ नये म्हणून

मी गोव्यातल्या ज्या निवारा केंद्रात रविवारी मदतीला जाते, तिथल्या फाटकाला पावसाळ्यातल्या एका सकाळी एक तांबूस कुत्री निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली सापडली. शेजारी स्टीलची ताटली होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रीचा भात होता. तिची नखे कापलेली होती, गळ्यातला चामड्याचा पट्टा वापरून मऊ पडला होता, आणि ‘बस’ म्हटले की ती लगेच बसत होती. म्हणजे तिला कोणीतरी वेळ देऊन शिकवले होते. तिचे नाव मात्र आम्हांला कळले नाही. दोन दिवस आम्ही राणी, ब्राउनी, पिंकी, लाली अशी सुचतील ती नावे घेऊन पाहिली. कुठल्याच नावाला तिचा कान हलला नाही. ती फाटकाकडे तोंड करून बसून राहिली.

अशा कुत्र्यांना घर मिळवून देणे हे केंद्राचे निम्मेच काम असते. मिळालेले घर टिकवणे हे उरलेले निम्मे काम, आणि ते घरच्या माणसांच्या हातात असते. काही वर्षे हे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की कुत्रा परत येण्याचे कारण क्वचितच त्याच्या स्वभावात सापडते. त्याला घरी आणताना घरच्यांनी वर्षातले चांगले दिवस तेवढे मोजलेले असतात, आणि उरलेले दिवस आले की घर उघडे पडते. म्हणून कुत्री निवारा केंद्रात का पोचतात हे आधी समजून घ्यावे आणि प्रत्येक कारणावर घरात अगोदरच तोड काढून ठेवावी. या लेखातली सारी पद्धत एवढीच आहे.

ती तिथे कशी पोचतात

रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा निवारा केंद्रात जायला हवा, असा अनेकांचा समज असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याला पकडून त्याची नसबंदी व लसीकरण करायचे आणि त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. कानाची कातरलेली कड ही नसबंदी झाल्याची खूण असते. आपल्या वाड्यावर असा कुत्रा मजेत हिंडत असेल, चार घरे त्याला जेवू घालत असतील, तर त्याचे घर तेच आहे आणि त्याला ‘वाचवण्याची’ गरज नाही. निवारा केंद्रात कायमचे अडकतात ते वेगळेच: वाहनाखाली सापडून पाय गमावलेले, आईवेगळी पिल्ले, आणि माणसांनी पाळून सोडलेले.

पिल्लांमध्ये माद्या जास्त असतात, आणि त्याचे कारण गावोगावी एकच आहे. कुत्रीला साधारण ६३ दिवसांत पिल्ले होतात, वर्षातून दोन वेळा होऊ शकतात, आणि एका वेताला पाच-सहा असणे नवलाचे नाही. त्यांतले नर शेजारीपाजारी मागून नेतात. माद्या बाजाराच्या मागे, देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात, नाहीतर काजूच्या बागेत ठेवून दिल्या जातात. कोणीतरी उचलील अशी आशा असते. तीन आठवड्यांचे पिल्लू आईविना रात्र काढू शकत नाही, हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक असते, असे मला वाटते. घरच्या कुत्रीची वेळेवर केलेली एक शस्त्रक्रिया हे सगळे थांबवते.

दुसरा ओघ किनारपट्टीवरचा. पर्यटनाच्या हंगामात शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळींच्या, आसपास कुत्र्यांना पोटभर मिळते, पाहुणे लाड करतात, पिल्ले वाढतात. पावसाळ्यात शॅक मोडून ठेवले की तीच कुत्री उपाशी पडतात, खरजेने भरतात, आणि जगण्यासाठी गावात शिरून तिथल्या कुत्र्यांशी भांडतात. तिसरा ओघ विकत घेतलेल्या जातिवंत कुत्र्यांचा. हस्की आणि सेंट बर्नार्ड ही थंड मुलुखातली, दाट दुहेरी केसांची कुत्री. गोव्याच्या मे महिन्यात त्यांना सतत थंड खोली लागते; विजेचे बिल, कातडीचे आजार आणि रोजचे विंचरणे यांना घर कंटाळते. चौथे कारण स्थलांतर. भाड्याच्या घरमालकाने नकार दिला, कोणी बोटीवर नोकरीला गेले, कोणाचे कुटुंब पोर्तुगालला किंवा इंग्लंडला गेले, कोणी कामासाठी काही काळ गोव्यात राहायला आले होते ते परतले. घरात वृद्ध आईवडील मागे राहतात, आणि वीस किलोच्या दांडग्या कुत्र्याला आवरणे त्यांच्या शक्तीबाहेरचे असते. आणि शेवटी म्हातारपण. बारा-चौदा वर्षे अंगण राखलेला कुत्रा आंधळा झाला, जागच्या जागी लघवी करू लागला, की काही घरांना तो नकोसा होतो. याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून एवढ्यावर थांबते.

आणण्यापूर्वी घरात बसून ठरवायचे

घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे आणि पुढच्या एका वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवावे. हा सल्ला साधा वाटेल, पण माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला हाच आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आपण मूळ घरी जातो, तिथे चार भावांची बिऱ्हाडे जमतात, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली लहान मुले खेळतात. त्या दिवसांत कुत्रा कुठे असेल? बरोबर न्यायचा तर तिथल्या वडीलधाऱ्यांना चालेल का? मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, बाळंतपण, एखाद्याची रात्रपाळी, हे सगळे लिहावे आणि प्रत्येक ठिकाणी एका माणसाचे नाव घालावे. ‘सगळे मिळून बघू’ या उत्तराचा अर्थ बहुतेक वेळा ‘आई बघेल’ असा होतो. आईने तसे मनापासून कबूल केले असेल तरच ते उत्तर धरावे.

घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी तोंडी घेऊ नये. करारात एक ओळ लिहून घ्यावी. सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवलेले नेहमी कामी येते. पंचायतीत किंवा नगरपालिकेत कुत्र्याच्या नोंदणीची चौकशी करून ती वेळेत करून घ्यावी.

खर्चाचा हिशेब अन्नापुरता करू नये. वार्षिक लसी, जंतांचे औषध, गोचिडांवरचे औषध आणि वर्षात एखादे मोठे आजारपण, एवढे धरूनच महिन्याची रक्कम ठरवावी. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा ते पंधरा वर्षे जगतो. आज सातवीत असलेली मुलगी तोवर नोकरीला लागलेली असेल.

केंद्रात गेल्यावर

गोव्यात आसगावचे इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, शिवोलीचे वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा, कुडचड्याचे गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट, काणकोणात चापोलीचे ॲनिमल रेस्क्यू सेंटर अशा संस्था आहेत. जवळच्या केंद्रात फोन करून जावे, आणि पहिल्या भेटीत कुत्रा घरी आणायचा नाही असे ठरवूनच जावे.

पिंजऱ्याच्या जाळीला पंजे लावून उड्या मारणारा कुत्रा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. कोपऱ्यात पाठ करून बसलेल्याकडे कोणी वळत नाही. दोघांपैकी कोणाचाही खरा स्वभाव तिथे दिसत नाही, कारण शेजारी पन्नास कुत्री भुंकत असतात. म्हणून त्याला बाहेर मोकळ्या जागेत वीस मिनिटे फिरवू द्या, अशी विनंती करावी, आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी जावे. सांभाळणाऱ्या मुलाला नेमके प्रश्न विचारावेत: जेवताना जवळ गेले तर गुरगुरतो का, पुरुषांना घाबरतो का, मांजर दिसले तर काय करतो, दुचाकीमागे धावतो का, यापूर्वी कोणी नेऊन परत आणले होते का आणि का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. ज्या घरात माणसे दिवसभर कामावर असतात, त्यांनी पिल्लाचा मोह टाळून तीन-चार वर्षांचा कुत्रा घ्यावा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, आणि पिल्लाला लागणारे तासातासाचे लक्ष त्याला लागत नाही.

पिल्लूच हवे असेल तर ते आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. या काळात त्याला छत्री, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, लहान मूल, भजनाच्या टाळ-मृदंगाचा आवाज, असे सगळे दुरून आणि हळूहळू दाखवावे. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नये. कडेवर घेऊन फिरवावे.

पहिले दिवस

बहुतेक चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. नवा कुत्रा आला म्हणून मामा-मावश्यांना बोलावले जाते, मुले गळ्यात पडतात, फोटो काढले जातात, आणि संध्याकाळी कुत्रा कोणाच्या तरी हाताला दात लावतो. दुसऱ्या दिवशी तो ‘चावरा’ म्हणून परत येतो. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर त्याने सकाळी ओळखीची जागा सोडली, गाडीत त्याला उलटी झाली, आणि दहा अनोळखी माणसांनी त्याला घेरले. त्याने आधी तोंड फिरवले, ओठ चाटले, जांभई दिली, अंग ताठ केले, मग गुरगुरला. दात त्याने सर्वांत शेवटी लावला, आणि आधीच्या पाच सूचना कोणी वाचल्या नाहीत. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

पडवीचा किंवा खोलीचा एक कोपरा त्याला द्यावा, जिथून त्याला घर दिसेल पण त्याच्या पाठीमागून कोणी जाणार नाही. जुने गोणपाट किंवा चादर, पाण्याचे जड भांडे, एवढे पुरे. तीन दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, कौतुकाचे हात नकोत. त्याच्यापासून थोडे दूर जमिनीवर बसावे, पेपर वाचावा, अधूनमधून उकडलेल्या कोंबडीचा एखादा तुकडा त्याच्या दिशेने टाकावा आणि त्याला आपणहून येऊ द्यावे. सांभाळणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब आहे: तीन दिवसांत भीती थोडी ओसरते, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा, कारण दहाव्या दिवशी घरातले कोणीतरी ‘हा काही माणसाळत नाही’ असे म्हणतेच.

पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. आपल्याकडची चिऱ्याची कुंपणे गुरे अडवण्यापुरती असतात; घाबरलेला कुत्रा ती सहज ओलांडतो. पहिला महिना अंगणातही त्याला पट्टा लावूनच न्यावे, आणि गळ्यातला पट्टा व छातीचा पट्टा अशा दोन्हींना दोरी असावी. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पत्र्याची चकती पहिल्याच दिवशी अडकवावी. एवढे करूनही पळालाच तर त्याच्यामागे धावू नये. धावणाऱ्याला पाहून तो आणखी लांब जातो. त्याचे अंथरूण आणि जेवण फाटकाबाहेर ठेवावे, एकाच माणसाने शांतपणे बसून राहावे, आणि पहाटे शोधावे, कारण रस्ते रिकामे असताना कुत्री लपलेल्या जागेतून बाहेर पडतात.

आमच्या घरी आलेला काळू नावाचा कुत्रा पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की धुण्याच्या दगडामागे जाऊन थरथरत असे. आम्ही पोदेराला विनंती केली. तो फाटकापासून दूर थांबून एकदाच भोंगा वाजवी आणि त्याच क्षणी मी काळूसमोर उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, छोटा तुकडा ठेवी. रोज थांबण्याची जागा चार पावले जवळ आणली. महिनाभरात तो भोंग्याच्या आधीच फाटकाशी जाऊन बसू लागला. बहुतेक भीती अशाच जातात: भीतीची गोष्ट लांब ठेवायची, तिच्यासोबत चांगले काहीतरी द्यायचे, आणि कुत्रा घाबरला तर एक पाऊल मागे घ्यायचे.

घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला दहा-बारा दिवस वेगळे ठेवावे, म्हणजे छुपा आजार असल्यास कळतो. मग दोघांना अंगणात समोरासमोर सोडण्याऐवजी दोन माणसांनी त्यांना रस्त्यावर अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे. अन्नाची भांडी निदान दोन महिने वेगळ्या जागी असावीत.

तब्येत आणि जेवण

पहिल्या आठवड्यात केंद्रात मिळत होते तेच अन्न द्यावे आणि मग हळूहळू बदलावे. एकदम बदलले तर जुलाब होतात आणि घर घाबरते. भात किंवा पेज, उकडलेली कोंबडी, अंडे, भोपळा, गाजर चालते, पण नुसता भात हे कुत्र्याचे पूर्ण अन्न नव्हे. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे, चॉकलेट देऊ नये. नाताळच्या केकमध्ये मनुका असतात, हे लक्षात ठेवावे. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, माशाचे काटे घशात अडकतात. माणसांची वेदनाशामक गोळी, अगदी तापावरची पॅरासिटामॉलसुद्धा, पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

पिल्लाच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात; रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात देतात. पार्वो या विषाणूच्या आजाराने पिल्लू दगावलेल्या घरात तो विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, जमिनीत टिकतो. अशा अंगणात लसी पूर्ण न झालेले नवे पिल्लू आणणे म्हणजे तेच दुःख पुन्हा ओढवून घेणे होय. आपल्या दमट हवेत गोचिडांमुळे येणारा ताप फार. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली रोज हात फिरवावा. कुत्रा जेवेनासा झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रेबीजबाबत गोव्याने मोठे काम केले आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या मोहिमेत वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लसी टोचल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. देशात असे राज्य पहिलेच. तरीही आपल्या कुत्र्याची लस चुकवू नये. कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. हळद, चुना लावत बसू नये.

फटाक्यांच्या रात्री

नरकासुर जाळण्याची रात्र, चवथ, नाताळ, नवे वर्ष, चर्चच्या फेस्ताची आतषबाजी: या दिवसांत घाबरून हरवलेल्या कुत्र्यांचे फोन केंद्रात सतत येतात. त्या दिवशी कुत्र्याला उजेडातच फिरवून आणावे, अंधार पडण्याआधी आतल्या खोलीत घ्यावे, खिडक्या लावून पंखा आणि रेडिओ सुरू ठेवावा, आणि घरातला एक माणूस त्याच्याजवळ थांबावा. त्याला साखळीने बांधून ठेवू नये. घाबरलेला कुत्रा साखळीत अडकून स्वतःला इजा करून घेतो. भीती फार असेल तर पशुवैद्याकडून औषध आधीच्या आठवड्यात आणून ठेवावे. कुत्रा कुशीत शिरला तर त्याला खुशाल जवळ घ्यावे.

जमलेच नाही तर

सगळी तयारी करूनही कधी घर मोडते, आजारपण येते, माणूस जातो. अशा वेळी लाजेपोटी रात्री फाटकाला दोरी बांधून जाऊ नये, आणि ‘तिथे खायला मिळेल’ म्हणून किनाऱ्यावर तर मुळीच सोडू नये. तिथली कुत्री परक्याला टिकू देत नाहीत. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. जिथून आणला त्या केंद्राला अडचण कळताच सांगावे. दोन महिने हातात असतील तर केंद्र बहुतेक वेळा दुसरे घर शोधू शकते; दोन दिवसांत ते होत नाही.

कुत्रा सोपवताना एक कागद लिहून द्यावा. त्यावर लसींच्या तारखा, आजार, औषधे असावीत, आणि त्याखाली त्याच्याविषयी जे फक्त तुम्हांलाच ठाऊक आहे ते लिहावे: त्याला काय म्हणून हाक मारता, ‘चल’ म्हणता की ‘यो रे’ म्हणता, कानामागे खाजवलेले आवडते की नाही, कोणत्या आवाजाला घाबरतो, रात्री कुठे झोपतो. तांबूस कुत्रीबरोबर असा कागद नव्हता. आम्ही तिला श्रावणी म्हणू लागलो, कारण ती श्रावणात आली होती. त्या नावाला तिचा कान हलायला पाच आठवडे लागले.